पोटॅशियम मार्गांचा रोध

पोटॅशियम मार्गांचा रोध : कोशिकापटलातील (पेशीच्या पातळ आवरणातील) ज्या प्रथिनमय छिद्रांतून मुख्यत्वे पोटॅशियम आयन (विद्युत् भारित अणू) ये-जा करतात, त्यांना पोटॅशियम मार्ग म्हणतात. उद्दीपित झालेली तंत्रिका (मज्जातंतू) व स्नायू या मार्गांमुळे पूर्वस्थितीला येतात. एखाद्या पदार्थाने छिद्र बुजल्यास मार्गाचा रोध होतो. तो किती लवकर होतो व किती काळ टिकतो, हे रोधकाप्रमाणेच भोवतालच्या आयनांवरही अवलंबून असते.

विंचवांच्या विषातील काही लहान प्रथिने प्रभावी रोधक आहेत. कोकणासह महाराष्ट्रात आढळणाऱ्या लाल विंचवाच्या (हॉटेनटोटा टॅम्युलस, पूर्वीचे नाव ब्यूथस टॅम्युलस) विषातील इबेरिओटॉक्सिन या ३७ ॲमिनो अम्लांच्या प्रथिनाचे वर्णन १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. कॅल्शियमाने उघडणारे, मोठ्या संवाहकतेचे मार्ग ते बाहेरच्या बाजूने बंद करते. आयनांच्या परिणामाचा अभ्यास मात्र मुख्यतः त्याच्याशी साम्य असलेल्या, दुसऱ्या एका विंचवाच्या कॅरिब्डोटॉक्सिनावर झाला आहे.

ही विषे धन भारित असून मार्गाच्या मुखाजवळील ऋण भारांकडे ओढली जातात. बाहेरील विद्रावात लवणाचे प्रमाण वाढविल्यास हे आकर्षण क्षीण होते व रोध सावकाश होतो. आतील पोटॅशियमाचा परिणाम अधिक लक्षणीय आहे. दोन्ही विषांत २७ व्या स्थानी लायसीन हे धन भारित ॲमिनो अम्ल असून ते छिद्रात शिरते. आतून आलेला पोटॅशियम आयन त्याच्याजवळ पोहोचताच समान भारांच्या प्रतिकर्षणाने विष सुटते. बाहेरून बसलेले बूच असे आतून सैल होते, हे रॉडरिक मॅकिनन व क्रिस्टोफर मिलर यांनी १९८८ मध्ये दाखविले. आत पोटॅशियमाऐवजी सोडियम असल्यास असे घडत नाही. सोडियम छिद्राच्या अरुंद भागातून जाऊ शकत नाही. बेरियम आयन तर स्वतःच रोधक आहे : आकाराने तो पोटॅशियमाएवढा, पण दुप्पट भाराचा असल्याने छिद्रात अडकून बसतो.

विंचुदंशाने होणाऱ्या मृत्यूंचे कारण केवळ या रोधात शोधणे मात्र चूक ठरेल. त्याच विषातील, सोडियम मार्गांवर क्रिया करणारी द्रव्ये अधिक घातक असतात. त्यांच्यामुळे ॲड्रिनॅलिनासारखी द्रव्ये रक्तात फार मोठ्या प्रमाणात मिसळतात, हृदयावर ताण पडतो व फुप्फुसांत पाणी साठते. महाड (जि. रायगड) येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० नंतरच्या दशकात यावर प्राझोसीन हे औषध यशस्वीपणे वापरले. ते मार्गांत बसलेले विष काढत नाही. ॲड्रिनॅलीन गटातील द्रव्यांची रक्तवाहिन्या आकुंचित करणारी क्रिया तेवढी रोखते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत प्राझोसिनाला प्रतिविषाची जोड दिलेले रुग्ण अधिक लवकर बरे झाले.