नळी बदलता येते, कानातली पेशी नाही

बटण दाबल्याबरोबर आवाज येत नाही. आधी काचेच्या नळ्यांमध्ये नारिंगी उजेड दिसू लागतो, अर्धा-एक मिनिट जाते आणि मग हेडफोनमध्ये गाणे सुरू होते. ज्यांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्यांना हे थांबणे आठवत असेल. तीच जुनी निर्वात नळी आज महागड्या हेडफोनच्या जोडीला पुन्हा आली आहे. जर्मनीच्या सेन्हायझर कंपनीने १९९१ मध्ये ‘ऑर्फियस’ हा हेडफोन ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरसह बाजारात आणला आणि त्याचे सुमारे ३०० संचच बनवले. त्याचा पुढचा अवतार असलेल्या ‘एचई १’च्या संगमरवरी पेटीत आठ नळ्या आहेत, बाजारात आला तेव्हा त्याची किंमत सुमारे ५० हजार युरो होती. काही हजार रुपयांत मिणारे छोटे ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरही आहेत. नळ्यांमुळे आवाजाला ‘ऊब’ येते, असे त्यांचे चाहते सांगतात. ही ऊब येते कुठून आणि तिचा कानाच्या आरोग्याशी काय संबंध?

ऊब म्हणजे काय?

नळीतील तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि समोरच्या प्लेटकडे ओढले जातात. वाटेत तारेची बारीक जाळी असते. जाळीवरचा विद्युतदाब किंचित बदलला, तरी प्लेटकडे जाणारा प्रवाह बराच बदलतो. अशा रीतीने क्षीण संदेश मोठा होतो. अमेरिकेच्या ली डी फॉरेस्ट यांनी १९०६च्या सुमारास ही जाळी नळीत बसवली. पुढे १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला आणि हळूहळू नळी मागे पडली.

नळी संदेशाची तंतोतंत नक्कल करत नाही. साध्या रचनेच्या ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरला मध्य सप्तकातला ‘सा’ दिला, तर तो त्यात तार सप्तकातल्या ‘सा’ची पुसटशी भर घालतो. तांत्रिक भाषेत ही विकृतीच. पण हा वाढीव स्वर मूळ स्वरात मिसळून जातो, म्हणून तो खुपत नाही, उलट आवाज भरीव वाटतो. तानपुऱ्याच्या एका तारेतून अनेक स्वर उमटतात, स्वयंभू गंधारही ऐकू येतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. शिवाय काही ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरचा अंतर्गत रोध जास्त असल्याने विशिष्ट हेडफोनमध्ये खर्ज थोडा उठून येतो. म्हणजे ऊब हा भास नाही. पण ती मूळ ध्वनिमुद्रणात नसलेली भर आहे. कुणाला ती आवडते, कुणाला नाही.

कानातला अ‍ॅम्प्लिफायर

गंमत अशी, की आपला कानही तंतोतंत नक्कल करत नाही. इटलीचे व्हायोलिनवादक ज्युसेप्पे तार्तिनी यांना १७१४ मध्ये दोन स्वर एकत्र वाजवताना न वाजवलेला तिसरा स्वर ऐकू आला. आंतरकर्णातील बाह्य केशपेशी आकुंचन-प्रसरण पावून बारीक आवाजाला बळ देतात. हा जिवंत अ‍ॅम्प्लिफायर स्वतःही आवाज निर्माण करतो. ब्रिटनचे डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये कानातून बाहेर येणारा हा क्षीण ध्वनी टिपला. नवजात बाळांची श्रवणचाचणी आज याच तत्त्वावर केली जाते.

एका कानात अशा बाह्य केशपेशी जेमतेम १२ हजार असतात. मोठ्या आवाजाचा मार बहुतेक वेळा आधी त्यांनाच बसतो आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. सुरुवातीला तीन ते सहा हजार हर्ट्झच्या पट्ट्यातले ऐकणे कमी होते. झांजेची किणकिण, तारेवरच्या नखीचा स्पर्श, ‘स’ आणि ‘श’ची धार यांचा बराच भाग तिथेच असतो. ज्या बारकाव्यांसाठी महागडा हेडफोन घेतला, नेमके तेच आधी हरवतात.

धोका नळीत नाही, बटणात

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबल पातळीवर आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित आहे. त्यापुढे दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला आठवड्याचे चार तास, तर १०० डेसिबलला अवघी २० मिनिटे. अनेक मोबाइल फोन हा हिशेब ठेवतात आणि इशारा देतात. टेबलावरचा ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर असे काही करत नाही. त्याला फक्त एक गोल बटण असते.

इथे दोन गोष्टी फसवतात. आवाज कर्कश झाला, की हात आपोआप बटणाकडे जातो. गोड आणि गुळगुळीत आवाजात तो इशारा मिळत नाही. दुसरे म्हणजे, दोन अ‍ॅम्प्लिफायरची तुलना करताना जो किंचित मोठा वाजतो तोच चांगला वाटतो. आवाजाची पातळी सारखी न करता केलेली तुलना म्हणूनच फोल ठरते. त्यातच चांगले हेडफोन अनेकदा मागून उघडे असतात. पंखा, शेजारचा टीव्ही, रस्त्यावरचे हॉर्न असे सगळे आत येते आणि ते झाकण्यासाठी आवाज वाढत जातो.

उपाय साधे आहेत. शांत वेळ निवडावी. नळ्या तापेपर्यंत हेडफोन कानावर चढवू नये आणि आवाज शून्यापासून वाढवावा. उघड्या हेडफोनमध्ये गाणे चालू असताना हातभर अंतरावरच्या माणसाचे साधे बोलणे ऐकू यायला हवे. तासाभराने कानांना विश्रांती द्यावी. ऐकून झाल्यावर कानात शिट्टी वाजली किंवा दडा बसल्यासारखे झाले, तर मर्यादा ओलांडली असे समजावे. त्रास टिकून राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणचाचणी करून घ्यावी.

हौशी मंडळी वेगळ्या गोडव्यासाठी नळ्या बदलून पाहतात. नळी जुनी झाली, की दुसरी मिळते. केशपेशींचे तसे नाही; जन्मतः मिळालेला संच आयुष्यभर पुरवायचा असतो.