कशावरून म्हणता, मिस्त्री?

बैल आजारी पडला की आपल्याला लगेच कळते. तो चारा खात नाही. रवंथ करीत नाही. कान पाडून उभा राहतो. गाडीचे तसे नाही. आता पुष्कळ गावांत जीप आली, टेंपो आला. माल बाजारात लवकर जाऊ लागला. पण गाडी बिघडली म्हणजे आपण गोंधळून जातो. बॉनेटच्या आत काय आहे, हे आपल्याला ठाऊक नसते. मग मिस्त्री सांगेल ते खरे!

आणि मिस्त्री कधी कधी फार मोठा खर्च सांगतो. "हेड गॅस्केट गेले. इंजिन खोलावे लागेल." हे ऐकताच पोटात गोळा येतो. बी-बियाण्यासाठी ठेवलेले पैसे डोळ्यांपुढे येतात. मिस्त्री खरे सांगतो की आपल्याला फसवतो? ओळखायचे कसे? आज आपण त्याचाच विचार करू.

दोन शेजारी

समजा, एका गावात दोन शेजारी आहेत. दोघांच्याही गाड्या तापल्या. दोघांनाही मिस्त्रीने एकच सांगितले, "गॅस्केट गेले."

पहिल्याने नुसती मान हलवली. एक अक्षर विचारले नाही. इंजिन खोलले, गॅस्केट बदलले, त्याने पैसे मोजले. आठ दिवसांनी गाडी पुन्हा तापली. खरे कारण वेगळेच होते. रेडिएटरचा पंखाच नीट फिरत नव्हता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत झाली.

दुसरा म्हणाला, "हे सगळे लुटारू आहेत!" त्याने रेडिएटरमध्ये पाणी ओतले आणि गाडी तशीच हाकली. पण त्याचे गॅस्केट खरोखरच गेले होते. वाटेत इंजिन इतके तापले की हेड वाकले आणि इंजिन जाम झाले. गॅस्केट बदलून भागले असते, तिथे सारे इंजिन बांधावे लागले.

पहिला आंधळ्या विश्वासाने बुडाला. दुसरा आंधळ्या संशयाने बुडाला. दोघांनीही एक लहानसा प्रश्न विचारला नाही. तो प्रश्न असा : "कशावरून म्हणता, मिस्त्री?"

इंजिन तापते कशाने?

इंजिनात तेल जळते. त्याचा जाळ फार मोठा. तो जाळ सोसावा म्हणून इंजिनाभोवती पाणी खेळवलेले असते. पंप हे पाणी फिरवतो. गरम पाणी रेडिएटरमध्ये येते. तिथे वाऱ्याने आणि पंख्याने ते निवते आणि पुन्हा इंजिनात जाते. शेतातल्या पाटासारखेच हे आहे. पाट कुठे फुटला किंवा तुंबला, की पुढचे पीक सुकते.

हा पाट बिघडण्याची कारणे पुष्कळ आहेत. रबरी नळी फुटते. पट्टा सैल होतो. पंखा बंद पडतो. रेडिएटरमध्ये गाळ साचतो. पाण्याच्या वाटेवर थर्मोस्टॅट नावाची एक झडप असते, ती अडकून बसते. रेडिएटरचे झाकण नीट दाब धरीत नाही. यांतली बरीच कामे थोडक्या पैशांत होतात.

आता गॅस्केट म्हणजे काय? इंजिनाचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक आणि वरचा भाग म्हणजे हेड. या दोहोंच्या मध्ये पातळ पत्र्यासारखी एक वस्तू दाबून बसवलेली असते. तेच हेड गॅस्केट. आतला जाळ, पाणी आणि ऑइल यांच्या वाटा ते वेगळ्या ठेवते. वस्तू लहान आहे, पण तिथवर पोचायला इंजिनाचा वरचा भाग उतरवावा लागतो. म्हणून मजुरी मोठी पडते. तेव्हा खर्च मोठा सांगितला, एवढ्यावरून मिस्त्री खोटा ठरत नाही, बरे का!

रोगाच्या खुणा

वैद्य नाडी पाहतो, जीभ पाहतो, मग औषध देतो. चांगला मिस्त्रीही तसेच करतो. गॅस्केट गेले असेल तर बहुधा खुणा दिसतात.

पाणी बाहेर कुठे गळत नाही, तरी ते कमी होत जाते. इंजिन गरम झाल्यावरही मागून पांढरा धूर येत राहतो. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे येत राहतात. ऑइलची पट्टी काढून पाहिली, तर ऑइल दुधाच्या चहासारखे दिसते, कारण त्यात पाणी मिसळलेले असते. सगळ्या खुणा एकदम दिसतीलच असे नाही. पण एकही खूण न पाहता केलेले निदान कच्चे समजावे.

मिस्त्रीजवळ साधनेही असतात. एका साधनाने रेडिएटरमध्ये हवेचा दाब भरतात. काटा खाली आला, तर पाणी कुठून तरी गळते असे समजते. दुसऱ्या साधनाने इंजिनाचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजतात. तो कुठे कमी आहे, हे आकड्यांत दिसते.

एक गोष्ट मात्र विसरू नका. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. आतले उकळते पाणी उसळून तोंड-हात भाजतात. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणीही ओतू नका. त्याने इंजिनाला तडा जाऊ शकतो. गाडी थांबवा आणि पुरती निवू द्या.

विचारावे कसे?

रागाने विचारू नये. मिस्त्रीही आपल्यासारखाच हातावर पोट असलेला माणूस आहे. गोड शब्दांत म्हणावे, "दादा, मला यातले कळत नाही. कशावरून गॅस्केट गेले म्हणता? मला दाखवा." ज्याने खरोखर तपासले आहे, तो आनंदाने दाखवतो. पट्टा, पंखा, नळी ही सोपी कारणे आपण आधी पाहिली, असेही तो सांगतो. "तुम्हांला काय कळते?" असे म्हणून जो उडवून लावतो, त्याच्याकडे इंजिन खोलायची घाई करू नये.

कधी कधी प्रामाणिक मिस्त्रीही म्हणतो, "खोलल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही." हेही खरे असू शकते. मग नुसते खोलायचे किती घेणार, ते आधी ठरवावे. खोलल्यावर पुढचे काम आम्हांला विचारूनच करा, असे बजावावे.

मन खात नसेल, तर दुसऱ्या मिस्त्रीला दाखवावे. पण पहिला काय म्हणाला, हे त्याला आधी सांगू नये. गाडीला काय होते, तेवढेच सांगावे. दोघांनी वेगवेगळे पाहून एकच निदान केले, तर ते बहुतेक खरे. गाडी तापत असेल, तर ती चालवत नेऊ नये. ओढून न्यावी किंवा मिस्त्रीलाच बोलवावे. तपासण्याची मजुरी कुरकुर न करता द्यावी. तपासणे हेही काम आहे. थोडी मजुरी गेली, तरी मोठे नुकसान टळते.

कागदाची ताकद

आता आपल्याला लिहिता-वाचता येते. त्याचा उपयोग इथे करावा. काय बदलणार, वस्तूचे किती आणि मजुरी किती, हे कामाआधी कागदावर मागावे. काढलेला जुना भाग परत मागावा. पावती घ्यावी आणि जपून ठेवावी.

एवढे करूनही कोणी फसवले, तर कायदा आपल्या पाठीशी आहे. ग्राहकांसाठी पहिला कायदा १९८६ साली झाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो २०२० पासून लागू झाला. पोट भरण्यासाठी आपण स्वतः वापरतो त्या गाडीलाही हा कायदा धरता येतो. जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. आपण दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर फी लागत नाही. वकील दिलाच पाहिजे, असेही नाही. सल्ला हवा असेल, तर १९१५ या नंबरावर फोन करावा. पण तिथे पहिला प्रश्न येईल, "पावती आहे का?"

तेव्हा मंडळी, मिस्त्रीवर विश्वास जरूर ठेवावा, पण डोळे उघडे ठेवून. न कळणे ही लाजेची गोष्ट नाही. न विचारणे मात्र महागात पडते. पुढच्या वेळी कोणी मोठा खर्च सांगितला, तर घाबरू नका, भांडूही नका. शांतपणे एवढेच विचारा : "कशावरून म्हणता, मिस्त्री?"