जीपचे छत : वाजवून पाहावे की भिजवून?



गेल्या पालकसभेच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी एक प्रसंग घडला. एका पालकांनी आपली नवी थार आणली होती. लाल अंग, काळे छत. आठवी-नववीची पाच-सहा मुले तिच्याभोवती जमली. त्यांतल्या एकाने छतावर बोटाच्या पेराने टकटक केले आणि निकाल जाहीर केला, "अरे, हे तर प्लास्टिक आहे! एवढे पैसे देऊन प्लास्टिक?" बाकीचे हसले. गाडीचे मालक तिथेच उभे होते. ते काही बोलले नाहीत. पण सभा संपल्यावर आम्हांला बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारले, "सर, खरंच फसलो का हो आम्ही?"

त्या वेळी आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर आहे.

आपल्याकडे वस्तू वाजवून घेण्याची रीत जुनी आहे. उन्हाळ्याच्या तोंडी हजिऱ्याच्या बाजारात माठ घेताना आपण तो ठोकून पाहतो, आणि ते अगदी बरोबर आहे. चांगला भाजलेला, अखंड माठ खणखणतो. त्याला बारीकशी चीर गेली असेल तर चिरेच्या दोन कडा एकमेकींवर घासून कंपने तिथेच जिरतात आणि आवाज बद्द येतो. म्हणजे माठाचा आवाज त्याच्या पोटातली गोष्ट सांगतो. नारळाचे, कलिंगडाचे तसेच. प्रश्न असा की जीपच्या छताचा आवाज आपल्याला काय सांगतो?

येथे आम्हांला आमचीच एक चूक कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी शाळेकडे एक जुनी जीप होती. तिचे ताडपत्रीचे हूड (ज्याला आपण इथे सर्रास तिरपाल म्हणतो) फाटले, तेव्हा टणक छत करून घ्यायचे ठरले. शहरातल्या एका कारखानदाराकडे दोन नमुने होते, एक फायबरचा आणि एक लोखंडी पत्र्याचा. आम्ही दोन्ही ठोकून पाहिले. फायबर 'टक टक' वाजले, पत्रा 'धण्ण' वाजला. आम्ही पत्रा घेतला, वर जास्तीचे पैसेही दिले. ऑगस्टमध्ये एके सकाळी त्याच जीपमधून सहामाहीच्या प्रश्नपत्रिका छापखान्यातून आणल्या. वाटेत पाऊस लागला. छताला कुठेही भोक नव्हते, पण मागच्या बाजूस छत आणि गाडीचा सांगाडा जिथे मिळतात तिथून पाण्याची सरळ धार आत उतरली. दोन इयत्तांचे गठ्ठे भिजले, परीक्षा एक दिवस पुढे गेली. सांध्यात रबराची नीट पट्टी नव्हती, नुसता चिकटवलेला फोम होता, आणि पाणी बाजूला वाहून नेणारी पन्हळ तर नव्हतीच. या दोन्ही गोष्टी ठोकून कळण्यासारख्या नव्हत्या.

आता थोडा इतिहास. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, अमेरिकेत विलीस कंपनीची जीप मोठ्या संख्येने बनू लागली. तिला छत म्हणून लोखंडी कमानी आणि त्यांवर ओढलेले कॅनव्हास, एवढेच होते. युद्धानंतर हीच जीप महिंद्रा कंपनीने मुंबईत, सुटे भाग आणून, जोडायला घेतली, आणि पुढची कित्येक दशके आपल्या देशात जीप म्हटले की कापडी हूड हेच चित्र राहिले. टणक पण काढता येणारे छत ही मधली वाट. थंडी-पावसात मोटारीसारखा आडोसा हवा आणि हवा चांगली असली की मोकळे आकाशही हवे, अशा दोन्ही हौशी त्यात भागतात. अमेरिकेत १९७६ साली आलेल्या सी.जे. सेव्हन या जीपला साच्यात घडवलेले प्लास्टिक जातीचे छत मिळू लागले होते. म्हणजे 'प्लास्टिकचे छत' ही आजकालची काटकसर नव्हे. आपल्याकडे १९८५ च्या अखेरीस आलेली मारुती जिप्सी कापडी आणि टणक अशा दोन्ही छतांत मिळे. २०१० साली आलेल्या पहिल्या थारला कंपनीकडून कापडी हूडच होते. टणक छत हवे असेल तर मालक ते बाहेरून बसवून घेत. २ ऑक्टोबर २०२० रोजी विक्रीस आलेल्या आणि नाशिकच्या कारखान्यात बनणाऱ्या नव्या थारला मात्र कापडी, दुमडणारे कापडी आणि टणक अशी छते कंपनीनेच देऊ केली. हे टणक छत बोल्टांनी बसवलेले असते, रोज काढण्या-घालण्यासाठी ते नाही. याउलट पुण्याजवळ रांजणगावला २०२१ पासून जोडल्या जाणाऱ्या जीप रँग्लरचे छत तीन तुकड्यांचे असते. पुढच्या आसनांवरचे दोन तुकडे खटके फिरवून काही मिनिटांत निघतात, मागचा मोठा तुकडा काढायला मात्र बोल्ट सोडवावे लागतात आणि दोन-तीन माणसे लागतात.

फायबरच का वापरतात? 'हलके असते म्हणून' हे आपले पहिले उत्तर. नववीच्या मुलांनी हिशोब करून पाहावा. छताचे क्षेत्रफळ चार चौरस मीटर धरा. पोलादी पत्रा ०.८ मिलिमीटर जाडीचा घेतला आणि पोलादाची घनता दर घनमीटरला ७८०० किलो धरली, तर वजन सुमारे २५ किलो. काचतंतू आणि राळ यांचे बनलेले फायबर घनतेने पोलादाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास, साधारण १६०० किलो. पण ते पत्र्याइतके ताठ नसते, म्हणून तीनेक मिलिमीटर जाड घ्यावे लागते. वजन झाले सुमारे १९ किलो. म्हणजे फरक आहे, पण आपण समजतो तेवढा नाही. काचा, बिजागऱ्या, अस्तर धरून चार दारांच्या गाडीचे पूर्ण छत साठ किलोंच्या आसपास जाते. खरे कारण साच्यात आहे. पत्रा दाबून वळवण्याचे पोलादी साचे अतिशय महाग पडतात. तो खर्च गाड्या लाखांनी खपल्या तरच निघतो. फायबरचा साचा त्या मानाने स्वस्त. शिवाय फायबर गंजत नाही आणि त्यात हवा तसा बाक देता येतो. २०२४ साली आलेल्या पाच दारांच्या थार रॉक्सला कंपनीने पत्र्याचे कायमचे छत दिले, कारण ते छत काढायचेच नव्हते.

दुसरी तक्रार फटींची. "छत आणि दार यांच्यात केवढी फट आहे, फिनिशिंग नाही" असे पुष्कळजण म्हणतात. येथे आपले ग्वाल्हेरचे हवामान मदतीला घेऊ. जानेवारीच्या पहाटे पारा पाच अंशांवर असतो. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीचे काळे छत सत्तर अंशांपर्यंत तापू शकते. फरक झाला ६५ अंशांचा. दीड मीटर लांबीचा पोलादी भाग एवढ्या फरकाने सुमारे १.२ मिलिमीटर वाढतो, तर तेवढ्याच लांबीचे फायबर साधारण त्याच्या दुप्पट, म्हणजे जवळजवळ अडीच मिलिमीटर. खाली पोलाद, वर फायबर. दोघांची वाढ सारखी नाही. मध्ये जागा आणि दबणारे रबर ठेवले नाही तर छत तणावाखाली येईल आणि बोल्टाच्या भोकापाशी तडकेल. आपल्या जुन्या छोट्या लाइनीच्या रुळांत फटी का होत्या हे ज्यांनी आजोबांना विचारले असेल त्यांना हे पटकन समजेल. म्हणून फट असणे हा दोष नव्हे. फट एका बाजूला रुंद व दुसऱ्या बाजूला अरुंद असणे हा दोष.

मोटार बनवणाऱ्या कंपन्यांत 'गुणवत्ता' आणि 'ग्राहकाला भासणारी गुणवत्ता' असा भेद केला जातो, आणि दुसरीसाठी वेगळी माणसे कामाला असतात. दार लावल्यावर जो भारदस्त 'धप्' आवाज येतो तो नुसत्या मजबुतीचा नसतो. दाराच्या पत्र्याला आतून डांबरी जातीच्या पट्ट्या चिकटवून आणि रबर विचारपूर्वक निवडून तो घडवलेला असतो. बिर्लानगरात हे समजायला अडचण पडू नये. ज्यांच्या घरातले कोणी १९९२ साली बंद पडलेल्या जे. सी. मिलमध्ये होते त्यांना खळ ठाऊक आहे. खळ दिलेले कापड हाताला जाड आणि भरीव लागते, गिऱ्हाईक खूश होते, आणि पहिल्या धुण्यात खळ निघून गेली की खरे सूत दिसते. सगळीच खळ म्हणजे फसवणूक नव्हे, पण हात लावून झालेली परीक्षा धुतल्यावरच्या परीक्षेची जागा घेऊ शकत नाही.

उलट प्रकारही घडतो, आणि तो मोठ्या कंपनीच्या बाबतीत घडला आहे. फोर्डची नवी ब्रॉन्को ही गाडी २०२१ साली अमेरिकेत आली. तिच्या काढत्या छताचा रंग वरून न देता साच्यातच मिसळलेला होता. थोड्याच महिन्यांत अनेक छतांवर सापाच्या कातीसारखी किंवा पोळ्याच्या घरांसारखी नक्षी उमटू लागली. कंपनीने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले की अतिशय पाणी आणि दमट हवा लागल्यावर छताचे रूप समाधानकारक राहत नाही, आणि तोवर बनलेली या प्रकारची सगळी छते बदलून देण्याचे ठरवले. ध्यानात घ्या, कंपनीने सांगितलेला दोष रूपाचा होता. तरीही सगळी छते बदलावी लागली, आणि टणक छताची मागणी नोंदवलेल्या लोकांना गाडीसाठी आणखी ताटकळावे लागले. आम्हांला यात गिऱ्हाइकाचा हट्ट दिसत नाही. ज्याला वरचे रूप बिघडलेले दिसते त्याच्या मनात आतल्या थरांविषयी शंका येणारच. आपल्याकडे बाहेरून बसवलेल्या हलक्या फायबरच्या छतांवर दोन-तीन उन्हाळ्यांत वरचा थर पांढुरका होऊन काचतंतूंचे केस वर येतात आणि हाताला खाज सुटते. ती मात्र नुसती रूपाची गोष्ट नाही. ऊन थेट राळेपर्यंत पोहोचले असा त्याचा अर्थ.

मग पाहायचे काय? सांधा. एक कागदाची पट्टी रबरावर ठेवून दार किंवा मागची काच लावावी आणि पट्टी ओढावी. अडखळत निघाली तर रबर दबते आहे. सुळकन निघाली तर तिथून पाणी आणि वारा येणार. असे चारी बाजूंनी करावे. नंतर नळी घेऊन पाणी खालून सुरुवात करून हळूहळू वर न्यावे आणि आत एकाला विजेरी देऊन बसवावे. वरून एकदम पाणी ओतले तर गळते कुठून ते कळत नाही. बोल्ट आळीपाळीने समोरासमोरचे कसावेत, आणि फायबरवर फार जोर करू नये.

आणखी एक गोष्ट, जिच्यासाठी खरे म्हणजे हा लेख लिहावा लागला. काढत्या टणक छताच्या गाडीत उलटण्याच्या वेळी भार घेण्याचे काम छताचे नसते. ते आतल्या लोखंडी नळ्यांच्या चौकटीचे असते. आणि चौकट असूनही माणूस आसनाला बांधलेला नसेल तर तिचा उपयोग थोडा. नव्या थारला नोव्हेंबर २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी प्रत्येकी चार तारे मिळाले. ती चाचणी समोरच्या धडकेची होती आणि पट्टे बांधलेल्या पुतळ्यांवर होती. गणपती विसर्जनाला आमचे विद्यार्थी जीपच्या नळ्यांना धरून उभे राहतात, मागच्या आडव्या बाकांवर आठ-आठ जण बसतात, हे आम्ही दर वर्षी पाहतो. "सर, वर पक्के छत आहे ना" असे उत्तरही ऐकले आहे. ते छत पावसासाठी आहे.

विश्वस्त मंडळींसाठीही थोडे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ संबंधी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये निकाल दिला की निर्मात्याच्या मूळ नोंदीशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. कापडी हूडची गाडी घेऊन बाहेरून पत्र्याचे छत जोडणे, जसे आम्ही केले, हे आज करण्याआधी परिवहन कार्यालयात विचारणे आवश्यक आहे. कंपनीकडूनच टणक छतासह आलेल्या आणि तशी नोंद असलेल्या गाडीला ही अडचण नाही.

त्या पालकांच्या गाडीची परीक्षा आम्ही पुढच्या शनिवारी शाळेच्या अंगणात केली. टकटक करणाऱ्या मुलालाच विजेरी देऊन आत बसवले, आणि त्याच्या मित्रांनी बागेच्या नळीने अर्धा तास पाणी मारले. तो बाहेर आला तेव्हा सदरा भिजलेला होता. मुले ओरडली, "गळते! गळते!" तो म्हणाला, "अरे, घाम आहे. आत बसून पाहा!"