खोडदच्या दुर्बिणीवर निरीक्षणाला जाण्यापूर्वी

पुण्याच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळच्या खोडद परिसरात, जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप म्हणजेच जीएमआरटी ही दुर्बीण उभी आहे. तिला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. त्यांतल्या चौदा साधारण एक चौरस किलोमीटर जागेत दाटीने वसल्या आहेत आणि उरलेल्या सोळा पूर्व, पश्चिम आणि दक्षिण अशा तीन भुजांवर शेतांमधून, ओढ्यांपलीकडे पसरल्या आहेत. सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांत सुमारे २५ किलोमीटरचे अंतर पडते. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही दुर्बीण टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र चालवते. २००२ पासून ती जगभरातल्या संशोधकांना खुली आहे. तिच्यावर वेळ विकत मिळत नाही, प्रस्तावाच्या गुणवत्तेवर मिळतो. मिळालेला वेळ मोजका असतो, बहुधा काही तासांचा. त्या तासांत काय करायचे हे आधीच्या कित्येक आठवड्यांत ठरते, आणि ते नीट ठरले नसेल तर जगातली उत्तम दुर्बीण हाती असूनही उपयोग होत नाही.

निरीक्षणाचे वर्ष दोन सत्रांत विभागलेले असते, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. प्रत्येक सत्रासाठी काही महिने आधी प्रस्ताव मागवले जातात आणि वेळवाटप समिती ते तपासून घेते. मागणी उपलब्ध तासांपेक्षा जास्त असल्याने काही प्रस्ताव नाकारले जातात आणि काहींच्या तासांना कात्री लागते. म्हणून प्रस्तावात तीन गोष्टी पक्क्या असाव्या लागतात : प्रश्न कोणता, त्यासाठी नेमके किती तास लागतील आणि ते काम याच दुर्बिणीवर का व्हायला हवे. तासांचा हिशेब अंदाजाने करून चालत नाही. रेडिओ दुर्बिणीच्या चित्रातली खरखर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते. खरखर निम्मी करायची तर वेळ चौपट हवा. दोन तासांत न दिसणारी वस्तू चार तासांत दिसेल अशी आशा करणाऱ्या प्रस्तावाला म्हणूनच फारसे वजन राहत नाही.

हिशेबाच्या आधी येते ती कंप्रतेची निवड. अलीकडच्या सुधारणेनंतर ही दुर्बीण साधारण १२५ ते १४५० मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी चार पट्ट्यांत पकडते. प्रत्येक पट्ट्यात आकाश वेगळे दिसते. १४०० मेगाहर्ट्झला एका वेळी दिसणारा आकाशाचा तुकडा पौर्णिमेच्या चंद्राहून थोडा लहान असतो, पण त्यातला दोन विकलांइतका बारीक तपशील सुटा करता येतो. १५० मेगाहर्ट्झला तोच तुकडा सुमारे तीन अंश रुंद होतो, म्हणजे सहा चंद्र ओळीने मावतील एवढा, आणि तपशील वीस विकलांपर्यंत ढोबळ होतो. दीर्घिकासमूहांत विरळ पसरलेली रेडिओ आभा शोधणारा खालच्या पट्ट्यांकडे वळतो, कारण ती आभा तिथे अधिक तेजस्वी असते. हायड्रोजन शोधणाऱ्याची निवड तर निसर्गानेच केलेली असते. उदासीन हायड्रोजनची लहर मुळात १४२०.४ मेगाहर्ट्झची, पण विश्वाच्या प्रसरणामुळे ती येताना ताणली जाते. २०२३ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या एका निरीक्षणात अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय यांनी ज्या दूरच्या दीर्घिकेचा हायड्रोजन याच दुर्बिणीतून टिपला, तिची लहर २.२९ पट ताणली गेली होती. १४२०.४ ला २.२९ ने भागले की ६२० येतात आणि ५५० ते ८५० चा पट्टा घ्यायचा हे आपोआप ठरते.

पट्टा ठरला की प्रश्न येतो घड्याळाचा, आणि इथे नवख्या माणसाची पहिली गल्लत होते. दुर्बिणीवरचे वेळापत्रक भारतीय प्रमाणवेळेत छापलेले असले, तरी आकाश नाक्षत्र वेळेने फिरते. नाक्षत्र दिवस २३ तास ५६ मिनिटांचा असतो. त्यामुळे एखादा तारा रोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवतो आणि महिन्याला दोन तासांचा फरक पडतो. पंचांग पाहणाऱ्या घरांत ही गोष्ट नवी नाही. चैत्राची पौर्णिमा चित्रा नक्षत्राजवळ आणि कार्तिकाची कृत्तिकेजवळ होते. म्हणजे चैत्रात मध्यरात्रीच्या सुमारास चित्रा माथ्याकडे असते आणि कार्तिकात कृत्तिका. आपल्या महिन्यांची नावे म्हणजे कोणता तारा कधी रात्रभर दिसेल याचे कोष्टकच आहे. कृत्तिकेजवळच्या वस्तूचा रात्रीचा वेळ हवा असेल तर हिवाळी सत्र मागावे, हे त्या कोष्टकातूनच कळते.

रेडिओ दुर्बीण दिवसाही चालते, ही तिची मोठी सोय. तरीही रात्रीला महत्त्व उरतेच, विशेषतः खालच्या पट्ट्यांत. सूर्य स्वतः प्रखर रेडिओ स्रोत आहे, आणि त्याच्या किरणांनी भारलेले आयनांबर लहरींच्या वाटेत ढवळाढवळ करते. पाण्याच्या तळाशी पडलेले नाणे जसे हलताना दिसते, तसा आयनांबरामागचा स्रोत जागेवरून सरकल्यासारखा दिसतो. विषुववृत्ताच्या बाजूच्या प्रदेशात हा त्रास सूर्यास्तानंतरही काही काळ जाणवतो. १५० मेगाहर्ट्झचे काम उत्तररात्री मागण्यामागे हे कारण असते.

पुढची मर्यादा भूगोलाची. खोडद १९ उत्तर अक्षांशावर आहे आणि तबकड्या क्षितिजापासून सुमारे १७ अंशांपेक्षा खाली झुकत नाहीत. खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेला ५३ अंशांवर असलेली वस्तू इथून अगदी चढत्या क्षणीही जेमतेम १८ अंशांवर पोहोचते. ती पावणेदोन तासांच्या आसपास दिसून मावळते. याउलट कोमा दीर्घिकासमूह २८ अंश उत्तरेला असल्याने जवळजवळ माथ्यावरून जातो आणि दिवसाला साडेदहा तास हाती लागतो. म्हणून प्रस्ताव लिहिण्याआधीच प्रत्येक वस्तूचा उन्नतांशाचा आलेख काढून ठेवतात. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर उंची आणि १७ अंशांवर एक लाल रेघ. रेघेच्या वर जेवढा भाग राहील तेवढाच आपला.

या आलेखावर आणखी काही रेषा काढाव्या लागतात, त्या कॅलिब्रेटरच्या. दुर्बीण मोजते ते व्होल्टेजच्या चढउतारांचे आकडे. त्यांना तेजस्वितेचे माप द्यायचे तर ज्याची तेजस्विता आधीच ठाऊक आहे असा स्रोत मध्ये पाहावा लागतो. वाण्याच्या तराजूला जसे शिक्क्याचे वजन लागते, तसेच हे. खोडदला ते वजन बहुतेक वेळा तीनच स्रोत पुरवतात : ३सी४८, ३सी१४७ आणि ३सी२८६. हे तिघेही उत्तर आकाशात, पण वेगवेगळ्या भागांत आहेत. कोमा पाहणाऱ्याचे नशीब चांगले, कारण ३सी२८६ त्याच्या पाठोपाठ अर्ध्या तासाने उगवतो आणि शेवटपर्यंत सोबत राहतो. श्रवण नक्षत्राच्या बाजूला, आकाशगंगेच्या पट्ट्यात काम करणाऱ्याची मात्र पंचाईत होते. श्रवणाचा तारा याम्योत्तर वृत्तावर यायच्या आधी तासभर ३सी२८६ लाल रेघेखाली जातो, आणि ३सी४८ वर यायला त्यानंतरही वीसेक मिनिटे लागतात. मधल्या तासाभरात तिघांपैकी एकही दिसत नाही. हे आधी पाहिले नसेल तर निरीक्षण संपेपर्यंत माप घेतलेच जात नाही, आणि मग सगळे आकडे बरोबर असूनही त्यांना अर्थ देता येत नाही. उपाय साधा असतो. वेळ अर्धा-पाऊण तास अलीकडे किंवा पलीकडे वाढवून मागायचा. पण तो प्रस्तावातच मागावा लागतो.

दुसऱ्या प्रकारचा कॅलिब्रेटर वस्तूच्या जवळचा, शक्यतो पंधरा-वीस अंशांच्या आत, आणि दुर्बिणीला बिंदूसारखा दिसणारा असावा लागतो. आयनांबर आणि उपकरणे यांच्यामुळे तीस तबकड्यांतल्या लहरींचा ताल हळूहळू बिघडत जातो. दर अर्ध्या-पाऊण तासाने चार-पाच मिनिटे या शेजाऱ्याकडे वळून तो ताल पुन्हा जुळवून घेतात. तीस तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीचा ताल जुळला तरच चित्र उमटते. कॅलिब्रेटरवरचा वेळ वाया गेला असे वाटणारा निरीक्षक हमखास पस्तावतो. आठ तास मिळाले असतील तर प्रत्यक्ष वस्तूवर सहाच्या आसपास तास पडतील, हे धरूनच चालावे.

मग राहतो तो गोंगाट. खोडदची जागा निवडताना आसपासचे डोंगर शहरी रेडिओ लहरींना आडवे येतात हा मुद्दा लक्षात घेतला होता. पण नंतरच्या काळात मोबाइलचे मनोरे उभे राहिले, विजेच्या तारा वाढल्या, डोक्यावर उपग्रह आले. चंद्रावर एक साधा मोबाइल चालू ठेवला तर तो पृथ्वीवरून दिसणाऱ्या सर्वांत तेजस्वी रेडिओ स्रोतांत गणला जाईल, इतके आकाशातले खरे संदेश क्षीण असतात. पुणे-नाशिक रेल्वेमार्गाच्या आखणीत या दुर्बिणीचा प्रश्न पुढे आला तो याचमुळे, आणि तो गांभीर्याने घेतला जाणे योग्यच होते. निरीक्षकाला हा गोंगाट थांबवता येत नाही, पण टाळता येतो. वरच्या पट्ट्यात दिशादर्शक उपग्रहांच्या लहरी ११७६ आणि १२२७ मेगाहर्ट्झच्या आसपास येतात. हायड्रोजनची ताणलेली लहर नेमकी तिथेच पडत असेल तर वस्तूच बदलणे शहाणपणाचे. गोंगाटाचे अरुंद पट्टे कापून टाकता यावेत म्हणून मिळालेली कंप्रता हजारो बारीक चॅनेलांत विभागून घेतात.

एवढे ठरल्यावर तयार होते ती आज्ञांची फाइल. तिच्यात स्रोतांची यादी, त्यांचे विषुवांश आणि क्रांती, आणि कोणत्या क्रमाने किती मिनिटे कुठे पाहायचे हे ओळीओळीने लिहिलेले असते. कोमासारख्या वस्तूची फाइल साधारण अशी वाचता येते : आधी ३सी२८६ वर दहा मिनिटे, मग शेजारच्या कॅलिब्रेटरवर पाच, वस्तूवर तीस, पुन्हा कॅलिब्रेटरवर पाच, पुन्हा वस्तूवर तीस, असे फेरे घेत शेवटी परत ३सी२८६. मधल्या वळण्यालाही वेळ लागतो. पंचेचाळीस मीटरची तबकडी सावकाशच फिरते. क्रांतीपुढचे एक उणे चिन्ह सुटले की तीसच्या तीस तबकड्या निमूटपणे आकाशाच्या रिकाम्या कोपऱ्याकडे तोंड करतात आणि पडद्यावर तसा काही बिघाडही दिसत नाही. म्हणून ही फाइल दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घेण्याची पद्धत आहे, आणि ती कधीच मोडू नये.

प्रत्यक्ष दुर्बिणीवर जाणाऱ्याने आदल्या दिवशी पोहोचणे चांगले. आवारात मोबाइल बंद ठेवावा लागतो. त्यामुळे लागणारे संदर्भ, कॅलिब्रेटरची यादी, आलेख कागदावर किंवा लॅपटॉपमध्ये आधीच उतरवून घ्यावेत. तबकड्या चालवण्याचे काम नियंत्रण कक्षातले ऑपरेटर करतात आणि चोवीस तास पाळ्यांमध्ये करतात. त्यांच्याशी आदल्या दिवशी केलेली अर्ध्या तासाची बातचीत फार कामाची ठरते. तीसपैकी कोणत्या तबकड्या दुरुस्तीसाठी बाजूला आहेत, गेल्या आठवड्यात कोणत्या कंप्रतेवर गोंगाट वाढला, हे त्यांना तोंडपाठ असते. लांबच्या भुजेवरची एक तबकडी नसली तर बारीक तपशील कमी होतो, मधल्या चौकातली नसली तर पसरट आभा क्षीण होते. आपल्या प्रश्नाला कोणती चालेल आणि कोणती नाही, हे निरीक्षकाला तेव्हाच सांगता यायला हवे.

वाटपाचा पहिला अर्धा-एक तास जुळवाजुळवीत जातो. प्रत्येक तबकडीकडून येणाऱ्या संदेशाची पातळी सारखी करतात, तेजस्वी कॅलिब्रेटरकडे वळून जोड्यांचे आलेख पाहतात. नीट चालणाऱ्या तबकडीचा आलेख सपाट, शांत रेघेसारखा दिसतो आणि बिघडलेलीचा नुसता ठिपक्यांचा पाऊस. हे ओळखायला डोळा लवकर सरावतो. वाऱ्याकडेही लक्ष ठेवावे लागते. तारांच्या जाळीमुळे या तबकड्या वाऱ्याला बऱ्याच मोकळ्या असल्या, तरी वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर गेला की काम थांबवून त्या आकाशाकडे सरळ तोंड करून ठेवतात. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या दुपारी ही वेळ येऊ शकते. म्हणून फाइलची एक छोटी आवृत्तीही जवळ असावी. तासभर गेला तर कोणते फेरे गाळायचे आणि कोणते काही झाले तरी ठेवायचे हे तिच्यात लिहिलेले असते. ठेवायच्यांत ३सी२८६ वरचे एक माप पहिले.

निरीक्षण चालू असताना नोंदवही लिहायची असते. कोणत्या वेळी कोणती तबकडी गळाली, वारा केव्हा वाढला, वीज केव्हा गेली, पडद्यावर अनोळखी रेघ केव्हा उमटली. एका रात्रीत शंभर गिगाबाइटहून अधिक डेटा सहज जमतो आणि महिन्यांनी तो उलगडताना पहाटे साडेतीनच्या सुमारास काय झाले होते हे कोणाच्याच स्मरणात राहत नाही. जाण्यापूर्वी थोडा डेटा उघडून कॅलिब्रेटर दिसतो की नाही एवढे पाहावे, आणि मूळ प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. अठरा महिने तो डेटा निरीक्षकाच्या गटापुरता राखीव असतो. त्यानंतर तो केंद्राच्या संग्रहातून कोणालाही मागता येतो, आणि दुसऱ्याच प्रश्नासाठी तो उघडणाऱ्या अनोळखी संशोधकाला त्या रात्रीची माहिती त्या नोंदींतूनच मिळते.