ढवळ्याचा वर्षभराचा चारा

बालमित्रांनो, एक सोपं गणित सांगा पाहू. एका बैलाला दिवसाला ७ किलो वाळला चारा लागतो. मग वर्षाला किती लागेल?

बरोबर! ३६५ गुणिले ७, म्हणजे २,५५५ किलो. हे गणित पुस्तकातलं नाही बरं का. कौंडण्यपूरजवळच्या आमच्या शाळेतल्या चौथीच्या मुलांनी ते फळ्यावर मांडलं होतं, आणि ते सुटायला वर्ष लागलं!

झालं असं. पोळा संपला, तान्हा पोळाही झाला. लाकडी बैल सजवून मुलं गावभर फिरली. दुसऱ्या दिवशी वर्गात एक मुलगा गप्प बसलेला. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाला, "सर, आमचा ढवळ्या औंदा तोरणाखाली नाही गेला. त्याच्यानं चालणंच होत नाही. बाबा म्हणते, आता वखराले ट्रॅक्टर हाय, याले कुटार कुठून घालू?"

वर्ग एकदम शांत झाला. मग मागून आवाज आला, "आपून पोसू त्याले!" आणि सगळेच ओरडले, "हो सर, आपून पोसू!"

मी म्हटलं, "पोसू. पण आधी हिशेब करू."

माया दाराशी आणते, चारा घरात ठेवतो

म्हातारी, लंगडी, टाकून दिलेली जनावरं सांभाळणाऱ्या जागेला आपण गोरक्षण, गोशाळा किंवा पांजरापोळ म्हणतो. कोंडवाडा वेगळा बरं का! मोकाट जनावर पिकात शिरलं की ते कोंडवाड्यात जातं आणि मालक दंड भरून सोडवून आणतो. पांजरापोळात मात्र ज्याला सोडवायला कोणी येत नाही, असं जनावर राहतं.

अशा ठिकाणी १०० जनावरं असतील, तर रोज ७०० किलो वाळला चारा हवा. एकेका जनावराला दिवसाला ३०-४० लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. शिवाय शेण काढणारा माणूस, औषधं, पावसाळ्यात कोरडी राहील अशी जागा. आणि जनावराला दिवाळी-रविवार कळत नाही. त्याला रोज भूक लागते! २०२४ साली राज्य सरकारनं गोशाळेतल्या देशी गाईमागे दिवसाला ५० रुपये अनुदान द्यायचं ठरवलं. मदत चांगलीच आहे. पण चारा, पाणी, औषध, राखणदार हे सगळं ५० रुपयांत बसवून दाखवा बरं! उरलेला भार समाजालाच उचलावा लागतो.

तो कसा उचलायचा? त्यासाठी आपण जरा मुंबईला जाऊन येऊ.

मुंबईच्या व्यापाऱ्यांची युक्ती

१८३२ सालची गोष्ट. इंग्रज सरकारनं मुंबईतली मोकाट कुत्री मारायचा हुकूम काढला होता. कुत्र्यामागे बक्षीस मिळे. बक्षिसाच्या लोभानं शिपाई पाळलेल्या कुत्र्यांवरही हात टाकू लागले. पारशी लोक कुत्र्याला फार मानतात. ते चिडले, त्यांना इतरही येऊन मिळाले. दुकानं बंद झाली, दंगा झाला.

पण नुसतं चिडून कुत्री वाचतात का? त्यांना ठेवायचं कुठं? दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि इतर व्यापाऱ्यांनी मिळून मुंबईत पांजरापोळ सुरू केला. भुलेश्वर भागात तो आजही आहे.

जमशेटजी मोठे दानशूर. पण एका शेठजीच्या दानावर पांजरापोळ किती वर्षं चालणार? म्हणून व्यापाऱ्यांनी ठरवलं, की मालाचा व्यवहार झाला की त्यातून थोडासा लागा, म्हणजे ठरलेला वाटा, जनावरांसाठी काढायचा. एका व्यवहारात तो जाणवतही नसे. पण व्यवहार रोज होत, म्हणून वाटाही रोज जमे. रोजच्या भुकेला रोजचा वाटा! आहे की नाही युक्ती?

कापूस कोणाचा, पुण्य कोणाचं?

अशीच रीत आपल्याकडच्या बाजारातही होती. कापसाची गाडी विकली की हिशेबातून 'धर्मादाय' कापला जाई. त्यातून गोरक्षण, पाठशाळा, धर्मशाळा चालत.

पण इथं एक गोम होती. शेतकऱ्याला न विचारताच ही कपात होई. कापूस शेतकऱ्याचा आणि दानाचं नाव व्यापाऱ्याचं! शिवाय पैसा खरोखर गोरक्षणात गेला का, हे शेतकऱ्याला कोण सांगणार? शेतीचा अभ्यास करणाऱ्या शाही आयोगानं १९२८ सालच्या अहवालात बाजारातल्या अशा कपातींवर बोट ठेवलं. पुढं धर्मादायाच्या रकमेचा हिशेब ठेवणं कायद्यानंच बंधनकारक झालं. आज संस्थेची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे होते आणि दरवर्षी हिशेब तपासावे लागतात.

म्हणजे दोन गोष्टी पक्क्या. वाटा लहान पण नेमानं हवा. आणि तो खुशीचा हवा, उघड हिशेबाचा हवा.

आमचं काय चुकलं?

आमच्या गावात अंदाजे २०० घरं. २,५५५ भागिले २००, म्हणजे घरामागे वर्षाला १३ किलोही नाही! मुलं टाळ्या पिटू लागली. ढवळ्या आपल्या गोठ्यातच राहील आणि चारा गाव देईल, असं ठरलं. मुलाचे बाबा "पाहू बा" म्हणाले.

दिवाळीपर्यंत झकास चाललं. धुऱ्यावर हिरवं गवत होतं, मुलं भारे आणत. मग गवत वाळलं. मुलं शनिवारी पोतं घेऊन घरोघरी जाऊ लागली. पहिल्या शनिवारी पोती भरली. महिन्याभरानं मात्र तीनच घरांनी कुटार दिलं. फाल्गुनात एक आजी स्पष्टच म्हणाल्या, "पोराहो, आमच्याच म्हशीले पुरत नाही, तुमाले कुठून देऊ?"

आजींचं काही चुकलं नव्हतं. आमची मागायची वेळ चुकली होती! तूर, हरभरा काढून झाला की खळ्यावर कुटाराचे ढीग असतात. तेव्हा कोणी मोजून बघत नाही, कित्येक जण ते पेटवूनही देतात. तेव्हा मागितलं तर पोतंभर कुटार सहज मिळतं. चैत्रात तेच सोन्याच्या मोलाचं होतं.

तो उन्हाळा बाबांनी विकतचा चारा आणून कसाबसा काढला. ढवळ्याच्या फासळ्या दिसू लागल्या होत्या. ते पाहून मुलं घरी जाताना एकमेकांशी बोलत नसत. मलाही वाईट वाटे. गणित तर मीच शिकवलं होतं, पण ऋतू हिशेबात धरला नव्हता!

दुसऱ्या वर्षी आम्ही शहाणे झालो. सोयाबीन निघाल्यावर एकदा, तुरीनंतर एकदा आणि हरभऱ्यानंतर एकदा, असं तीनदाच मागितलं. कुटार कोरड्या पडवीत रचलं, वर ताडपत्री टाकली. शाळेच्या भिंतीवर फळा लावला : जमा, खर्च, शिल्लक. ज्यानं घमेलंभर दिलं त्याचंही नाव लिहिलं. आणि गंमत म्हणजे, फळ्यावर आपलं नाव नाही म्हणून दोन घरांनी आपणहून पोती आणून टाकली!

तुम्ही काय कराल?

जखमी गाय, बैल किंवा कुत्रं दिसलं तर आधी मोठ्या माणसांना सांगा. घाबरलेलं जनावर चावतं, लाथ मारतं, म्हणून एकट्यानं हात लावू नका. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा फुकटचा क्रमांक आहे. हरिण, माकड, साप अशा वन्यप्राण्यांसाठी वनखात्याचा १९२६. वन्यप्राणी घरी ठेवणं गुन्हा आहे, हेही ध्यानात असू द्या.

जवळच्या गोरक्षणाला भेट द्या. "काय हवंय?" हे आधी विचारा. वाढदिवसाला एकदम गूळ-पोळ्यांचा ढीग नेऊन टाकू नका, त्यानं जनावराचं पोट फुगतं. त्यापेक्षा दर महिन्याला थोडं पण नेमानं द्या. आणि पालकहो, हिशेबाचा फळा कुठं आहे, हे विचारायला लाजू नका.

आमचं कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर. इथली पालखी दरवर्षी आषाढीला पायी पंढरपूरला जाते. महिन्याहून जास्त दिवसांची वाट! एवढ्या दिवसांचं जेवण कुठलंही एक गाव देत नाही. एक गाव सकाळची पंगत देतं, दुसरं रात्रीच्या मुक्कामाला जागा देतं. प्रत्येकाचा वाटा एका जेवणाचा, पण सगळे मिळून दिंडी पंढरीला पोचवतात.

ढवळ्याचंही तसंच झालं. परवाच्या पोळ्यात तो हळूहळू चालत तोरणापर्यंत आला. पुढं चार पावलं टाकली आणि थांबला. त्याची वेसण धरून उभ्या असलेल्या मुलानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "सर, औंदाचं कुटार मी मोजू?"

मग मित्रांनो, तुमच्या गावात किती घरं आहेत? करा पाहू भागाकार!