एका कॉम्प्युटरचं नेट घरातल्या सगळ्यांना कसं वापरता येतं? समजून घ्या सोप्या भाषेत

धाराशिव : जुलै महिना आला की गावोगाव एकच गडबड. पीक विम्याचा अर्ज, महाडीबीटीवरचे अर्ज, पोरांच्या कॉलेज प्रवेशाची कागदपत्रं. वाशी, भूम, परंड्याकडच्या अनेक वाड्या-वस्त्यांवर रेंज घरातल्या एखाद्याच कोपऱ्यात येते. कुणाच्या घरात कॉम्प्युटरला नेट असतं, पण बाकीचे मोबाईल कोरडेच. अशा वेळी तेच एक नेट सगळ्यांना वाटून घेता येतं. त्यासाठी वेगळं कनेक्शन घ्यायची गरज नाही.

हे चालतं कसं?

बोअर एकच, पण पाईपलाईन टाकून चार ठिकाणी पाणी नेतो, तसंच हे आहे. बाहेरून नेट येतं ते कॉम्प्युटरला. कॉम्प्युटर घरातल्या प्रत्येक मोबाईलला आपला एक अंतर्गत नंबर देतो. कुणी काय मागितलं हे लक्षात ठेवतो आणि आलेली माहिती ज्याची त्याला पोहोचवतो. बाहेरच्या जगाला मात्र पत्ता एकच दिसतो. ही सोय नवी नाही. १९९९ च्या विंडोज ९८ सेकंड एडिशनपासून ती आहे.

काय करायचं?

१. आधी कॉम्प्युटरवर नेट चालू आहे का बघा. ब्रॉडबँड नसेल तर मोबाईल केबलनं जोडून 'यूएसबी टिथरिंग' चालू करा. मोबाईल रेंजच्या कोपऱ्यात ठेवायचा असेल तर लांब केबल लागेल.

२. विंडोज १० किंवा ११ मध्ये सेटिंग्ज, नंतर 'नेटवर्क अँड इंटरनेट', मग 'मोबाईल हॉटस्पॉट' उघडा.

३. कोणतं नेट वाटायचं ते निवडा, नाव आणि पासवर्ड टाका, बटण चालू करा. यावर जास्तीत जास्त ८ मोबाईल जोडता येतात.

लॅपटॉपला वायफाय असतंच. जुन्या डेस्कटॉपला बऱ्याचदा नसतं. मग यूएसबीत बसणारा छोटा वायफाय अडॅप्टर घ्यावा लागतो.

अडचण कुठं येते?

कॉम्प्युटर बंद झाला की सगळ्यांचं नेट बंद. तो झोपी जाऊ नये म्हणून पॉवरच्या सेटिंगमध्ये स्लीपची वेळ वाढवा. लाईट गेली की डेस्कटॉप बंदच पडणार. त्यामुळं शेवटच्या तारखेची वाट न बघता अर्ज आधीच भरलेला बरा.

सगळे कॉक एकदम सोडले की पाण्याला दाब राहत नाही. नेटचंही तसंच. एकजण अर्ज भरत असताना दुसऱ्यानं व्हिडिओ लावला तर साईट अर्ध्यात अडकते. अर्ज भरताना बाकीच्यांनी थोडा दम धरावा.

मोबाईलचा रोजचा डेटा असेल तर आणखी जपावं लागतं. विंडोजचं अपडेट गुपचूप सगळा डेटा पिऊन टाकतं. त्या जोडणीच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू केलं की बरीचशी अपडेट थांबतात. काम झालं की ते बंद करून कधीतरी अपडेट होऊ द्यावं, कारण सुरक्षेसाठी ते लागतंच.

पासवर्ड सगळ्यांना सांगू नका

बाहेर दिसणारा पत्ता कनेक्शन घेणाऱ्याच्या नावावर असतो. तुमच्या नेटवरून कुणी फसवणूक केली किंवा वाईट मजकूर टाकला, तर पोलिसांची पहिली चौकशी तुमच्याच दारात येते. म्हणून पासवर्ड मोबाईल नंबर किंवा १२३४५६७८ असा ठेवू नका. पाहुणे गेले की बदलून टाका. बँकेचा ओटीपी तर कुणालाच सांगू नका, घरच्यांनाही नाही.

राऊटर कधी घ्यावा?

घरात फायबरचं कनेक्शन असेल तर सोबतच्या डब्यातच बहुतेक वायफाय असतं, मग कॉम्प्युटरमधून नेट वाटायची गरजच नाही. रोज चार-पाच मोबाईल चालवायचे असतील तर राऊटरच परवडतो. तो वीज कमी खातो आणि छोट्या बॅटरी बॅकअपवर लाईट गेल्यावरही चालतो. अधूनमधून अर्ज भरायचे, पोरांचा अभ्यास करायचा, एवढंच काम असेल तर घरातला कॉम्प्युटर पुरेसा आहे.