गोल्फचें मैदान आणि धानाची बांधी

खेड्यांत श्रीमंती विश्रामस्थान काढून त्याभोंवतीं गोल्फचें मैदान आंखण्याची चाल महाराष्ट्रांतहि आली आहे. पुण्याजवळचें ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्ट तें याच थाटाचें. उद्यां आमच्या गोंदियाकडे असें कांहीं निघालें, तर काय पाहावें?

स्पर्धेच्या मैदानांत १८ खळगे असतात. स्कॉटलंडांत सेंट अँड्र्यूज येथें १७६४ सालीं २२ चे १८ झाले आणि पुढें तीच संख्या रूढ झाली. खळग्याचा व्यास सव्वाचार इंच; मैदानाची लांबी सुमारें ७,००० यार्ड. खळग्याभोंवतालचें गवत रेतीच्या थरावर वाढवून खालीं निचऱ्याच्या नळ्या घालतात. चेंडू त्यावर सरळ धांवतो. पण पाणी टिकत नाहीं, म्हणून उन्हाळ्यांत तें पुनःपुन्हां द्यावें लागतें.

आमची धानाची बांधी नेमकी उलट. ती बांध घालून पाऊस अडविते. कोहळी लोकांनीं नवेगांवबांधसारखे तलाव बांधले, ते याच विचारानें.

तेव्हां हिरवळीस भुलण्यापूर्वीं विचारावें, वैशाखांत पाणी कोठलें? पावसाचें साठविलेलें किंवा शुद्ध केलेलें सांडपाणी असेल, तर खेळ खुशाल चालावा. तलावावर मात्र पहिला हक्क धानाचा.